ठिपक्यांचं कूळ

ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यावर, ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे २४० किलोमीटर वायव्येला पापुन्या नावाची वस्ती आहे. सरकारने ती १९५९-६०च्या सुमारास वसवली आणि पिंटुपी, लुरिजा, वार्लपिरी अशा वेगवेगळ्या समाजांच्या लोकांना तिथे एकत्र आणलं. त्यांनी आपली चालरीत सोडून गोऱ्यांसारखं राहावं, हा त्यामागचा हेतू. आपापल्या पाणवठ्यांपासून आणि टेकड्यांपासून तुटलेली ही माणसं. जगभरच्या संग्रहालयांत आज दिसणाऱ्या ठिपक्यांच्या ॲबोरिजिनल चित्रांचं कूळ शोधत गेलं, की आपण याच वस्तीतल्या शाळेच्या भिंतीपाशी पोचतो.

१९७१मध्ये जेफ्री बार्डन हा तरुण चित्रकला शिक्षक तिथे रुजू झाला. मुलं वाळूत बोटांनी ज्या आकृती काढतात त्याच रंगवा, असं त्याने सुचवलं. पुढे हे काम वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी हाती घेतलं, कारण त्या आकृतींवर अधिकार त्यांचा होता. पापुन्या ही मधमुंगी-पूर्वजाची जागा मानतात. कापा जाम्पिजिन्पा आणि त्याच्या सोबत्यांनी शाळेच्या भिंतीवर त्या पूर्वजाची कथा रंगवायला घेतली. सुरुवातीच्या मुंग्या गोऱ्यांच्या चित्रांतल्यासारख्या होत्या. या तुमच्या मुंग्या आहेत का, असं बार्डनने विचारलं, तेव्हा त्या जाऊन त्यांच्या जागी पूर्वापार खुणा आल्या. या साऱ्या इतिहासात मला हा बदल सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या शाळेने त्यांच्या मुलांना गोरं करायचं, तिच्याच भिंतीवर त्यांची खूण त्यांच्या हाताने उमटली. १९७४मध्ये त्या भित्तिचित्रावर रंग फासला गेला.

तोवर चित्रं भिंतीवरून उतरून फळ्यांवर आली होती. हार्डबोर्डचे उरलेसुरले तुकडे, मिळेल तो रंग. समारंभासाठी जमिनीवर आणि अंगावर गेरू, कोळसा, वनस्पतींचा कापूस यांनी जे रेखाटायचं आणि कार्य उरकलं की मोडायचं, ते आता टिकणार होतं आणि हातोहात फिरणार होतं. ऑगस्ट १९७१मध्ये ॲलिस स्प्रिंग्जच्या एका स्पर्धेत कापाच्या चित्राला पहिलं बक्षीस विभागून मिळालं. १९७२मध्ये चित्रकारांनी ‘पापुन्या टुला’ ही स्वतःच्या मालकीची कंपनी काढली.

पण टिकणं आणि फिरणं यातच पेच होता. यातल्या कितीतरी खुणा दीक्षा झालेल्या पुरुषांनीच पाहायच्या. बायकामुलांच्या नजरेस त्या पडायच्या नाहीत. चित्रं ॲलिस स्प्रिंग्जच्या बाजारात दिसू लागली तशी इतर वाळवंटी समाजांच्या जाणत्यांनी हरकत घेतली. गुप्त वस्तूंच्या आकृती चित्रांतून गेल्या आणि ठिपके दाट होत गेले. ठिपके झाकण्यासाठी वाढले, असं बरेच अभ्यासक सांगतात. ते खरं असलं, तरी तेवढंच खरं नाही. जॉनी वरंगकुला जुपुरुला याचं १९७२चं, कालिपिन्पा इथल्या पाण्याच्या कथेचं चित्र पाहावं. ठिपक्यांवर ठिपके, त्यांवर बारीक रेघा. पावसानंतर वाळवंटात फुटलेला हिरवा कोंब आणि रानफळं त्यांतून वर येतात. झाकणारा ठिपका तिथे उगवणारा ठिपकाही असतो.

संग्रहालयांना हे कळायला वेळ लागला. बरीच वर्षं ही चित्रं मानववंशशास्त्राच्या दालनात, भाले-ढालींच्या शेजारी ठेवण्याजोगी समजली जात. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कलादालनाने १९८०मध्ये क्लिफर्ड पॉसम जापलजारीचं चित्र समकालीन कला म्हणून घेतलं. १९८८मध्ये न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीत ‘ड्रीमिंग्ज’ हे मोठं प्रदर्शन भरलं. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ‘मॅजिसियाँ द ला तेर’ प्रदर्शनासाठी युएन्डुमूच्या वार्लपिरी पुरुषांनी जमिनीवर चित्र घातलं. त्याच प्रदर्शनात आपल्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे होते. लग्नघरच्या भिंतीवर सवाशिणींनी लिहायचा वारली चौक आणि त्याभोवतीचं जग त्यांनी कागदा-कापडावर आणलं, तेही सत्तरच्या दशकातच.

दालनं उघडली तरी काय दाखवायचं, हा प्रश्न मिटला नाही. २००९मध्ये एका अमेरिकी संग्रहातल्या सुरुवातीच्या पापुन्या चित्रांचं प्रदर्शन कॉर्नेल विद्यापीठात भरलं, तेव्हा ऑस्ट्रेलियात दाखवणं अनुचित ठरणारी चित्रं वेगळ्या पुरवणीत छापून ती पुरवणी ऑस्ट्रेलियाबाहेरच ठेवली. डार्विनच्या संग्रहालयाने २०१७मध्ये आपल्याकडचा मोठा संग्रह मांडला तो जाणत्यांना विचारून, आणि त्यांनी नको म्हटलेली चित्रं पेटीतच राहिली. काही जण याला रसिकांची अडवणूक म्हणतील. मला वाटतं, ही चित्रं समजून घेण्याची पहिली पायरी हीच. पैसे मोजून फळी आपली होते; तिच्यावरची कथा ज्या कुळाची, त्याच्याकडेच राहते.

बाजाराने मात्र हे फार उशिरा मानलं. पॉसमचं ‘वार्लुगुलाँग’ १९७७मध्ये एका बँकेने १,२०० डॉलरला घेऊन आपल्या प्रशिक्षण केंद्राच्या उपाहारगृहात टांगलं होतं. २००७मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तेच २४ लाख डॉलरला घेतलं. वरंगकुलाला त्या पाण्याच्या चित्राचे १५० डॉलर मिळाले होते. २०००च्या लिलावात ते ४,८६,५०० डॉलरला गेलं आणि त्यातला एक सेंटही कायद्याने त्याचा नव्हता. पुढच्या वर्षी तो गेला. फेरविक्रीतला पाच टक्के वाटा चित्रकाराला देणारा कायदा २००९मध्ये झाला, जून २०१०पासून लागू झाला.

त्याच २०००मध्ये सिडनीत आणखी एक लिलाव झाला. किंटोर आणि किविरकुरा इथले पिंटुपी लोक पापुन्यातून आपल्या भूमीकडे परतले होते, पण मूत्रपिंडाच्या आजाराने ग्रासलेल्यांना डायलिसिससाठी शेकडो किलोमीटरवरच्या ॲलिस स्प्रिंग्जमध्ये, घरादारापासून दूर राहावं लागे. चित्रकारांनी मिळून मोठे कॅनव्हास रंगवले आणि न्यू साउथ वेल्सच्या कलादालनात विकायला ठेवले. दहा लाखांहून अधिक डॉलर जमले. त्या पैशातून त्यांनी स्वतःची संस्था उभी केली, आणि २००४मध्ये किंटोरमध्येच डायलिसिस सुरू झालं.