झीलकऱ्यांचा इतिहास कोण लिहिणार?

कोल्हापूरच्या गाण्याचा इतिहास विचारला की उत्तर ठरलेले असते. १८८३ सालचा गायन समाज देवल क्लब. राजर्षी शाहूंच्या दरबारातले अल्लादिया खाँसाहेब. १९१५ साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर आणि तिथे पुढे ज्यांचे नाव लागले ते केशवराव भोसले. हा इतिहास खोटा नाही. शाहू महाराजांच्या आश्रयावर तो उभा आहे याचा आम्हाला अभिमानच आहे. पण त्याच काळात गावकुसाबाहेर हलगी, डफ, तुणतुणे वाजत होते आणि माणसे एका आवाजात गात होती. त्याची नोंद कुणी ठेवली? घराण्यांच्या शागिर्दांची वंशावळ पुस्तकांतून मिळते. शाहिराच्या मागे उभे राहून झील धरणाऱ्याचे नाव त्याच्या नातवालाही ठाऊक नसते.

झीलकरी म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावे लागते. शाहीर ओळ टाकतो, मागचे तीन-चार जण ती उचलतात, ताणतात आणि परत शाहिराच्या हाती देतात. शाहिराला श्वास घ्यायला जागा मिळते ती त्यांच्यामुळे. आजच्या शब्दांत तो समूहगायक. तो शिकलेला गवई नसे. दिवसा मोलमजुरी आणि रात्री फड, असा त्याचा दिवस.

या कलेची एक कडू बाजूही सांगितली पाहिजे. वाजवणे आणि गाणे हे आपल्या माणसांना हौस म्हणून मिळालेले नव्हते. ते जातीने लादलेले काम होते. पाटलाच्या लग्नात वाजवायचे, देवाच्या पालखीपुढे वाजवायचे आणि देवळाबाहेर थांबायचे. म्हणून ‘आमच्या रक्तातच संगीत आहे’ असे कुणी कौतुकाने म्हणाले की आम्हाला ते टोचते. रक्तात काही नसते. लादलेली मेहनत असते आणि ती मेहनत कुणासाठी वापरायची याचा निर्णय असतो.

तो निर्णय पहिल्यांदा सत्यशोधकांनी घेतला. जोतीरावांच्या विचारावर उभ्या राहिलेल्या सत्यशोधक जलशांनी तमाशाचा सांगाडा तसाच ठेवला आणि आतला माल बदलला. गणात गणपतीऐवजी निर्मिकाची आणि जोतीरावांची आठवण आली, वगात भटाची आणि सावकाराची लबाडी आली. ११ जानेवारी १९११ रोजी कोल्हापुरात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि या मुलखात ही हवा जोरात वाहू लागली. पुढे २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावची परिषद झाली. शाहू महाराजांनी तिथे आपल्या लोकांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. भाषण ऐकायला आलेल्या त्या माणसांपैकी वाचता येणारे किती असतील? परिषदेतला विचार दुसऱ्या गावात पोचवायचा तर तो तोंडीच पोचणार होता, आणि तोंडी गोष्ट चालीत बसली तरच टिकते.

आंबेडकरी जलशाने नेमके हेच केले. नाशिक जिल्ह्यातल्या कसबे सुकेण्याचे भीमराव कर्डक यांनी जलसा घेऊन गावोगाव फिरून महाड, काळाराम मंदिर, पुणे करार या घटना लोकांपर्यंत नेल्या. १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे त्यांचे पुस्तक आले नसते तर या कामाचा बराचसा भाग कायमचा पुसला गेला असता. ज्याने गायले त्यालाच लिहावेही लागले, कारण लिहिणारे दुसरे कुणी नव्हते.

मग वामनदादा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस मोठा होईपर्यंत निरक्षर होता. अक्षर ओळख झाली ती मुंबईत, कामगारांच्या चाळीत. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले. पुढची साठ वर्षे ते गावात जायचे, मिळेल त्या घरी उतरायचे आणि समोर बसलेल्यांना गाणे द्यायचे. लोकांच्या ओठावर असलेल्या चालींचा त्यांनी मोकळेपणाने वापर केला. याला उसनवारी म्हणून नाक मुरडणारे आहेत. पण नवख्या गायकाला चाल आधीच येत असेल तर त्याचे अर्धे काम झालेले असते. मग त्याचे सगळे लक्ष शब्दावर जाते, आणि चळवळीला शब्दच पोचवायचा होता.

आमच्या मते महाराष्ट्राने ऐकलेला सर्वांत मोठा समूहस्वर १४ ऑक्टोबर १९५६ चा, नागपूरचा. बाबासाहेबांनी त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा म्हटल्या आणि लाखो माणसांनी त्या त्यांच्यामागे म्हटल्या. ते गाणे नव्हते हे कबूल. पण एकाने ओळ द्यायची आणि सगळ्यांनी ती उचलायची, ही रीत आपल्या माणसांना नवी नव्हती. फरक एवढाच की इथे झीलकरी मागे उभा नव्हता, सगळे मैदानच झीलकरी होते. आज विहारात वंदना होते ती अशीच. तिथे पुरोहित लागत नाही आणि ‘तुला सूर नाही’ म्हणून कुणाला गप्प बसवले जात नाही. (बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हे वय झाले म्हणून लाजणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.)

या इतिहासात एक मोठे भगदाड आहे. जलशाच्या फडात बायका जवळपास नव्हत्याच. तमाशात आपल्या बायकांची जी विटंबना झाली, ती पाहता सुरुवातीची ती सावधगिरी समजू शकते. पण त्याच बायका जात्यावर भीमाच्या ओव्या गात होत्या, जयंतीला पाळणा गात होत्या. पुढे गायन पार्ट्या आल्या, पेटी-ढोलकीसोबत बँजो आला, बाई माईकपुढे आली, पण बहुतेक ठिकाणी ठरवणारा पुरुषच राहिला.

आम्ही वस्तीत सरावाला बसलो तेव्हा हे भगदाड पेटीवर दिसले. पेटीवाल्याने आपल्या सोयीने काळी दोन धरली. बायकांचा आवाज तिथे वरही पोचेना, खालीही बसेना. दोन आठवडे आम्ही ‘बायका सुरात येत नाहीत’ म्हणत होतो. शेवटी एका आजींनी पेटी बंद करायला सांगितली आणि पाळणा सुरू केला. सगळ्या तिच्यामागे सुरात गायल्या. मग आम्ही पेटीवर तिची पट्टी शोधली. पट्टी गायकाची नाही, झिलीची धरायची, हे आम्ही तेव्हा शिकलो. आता गाणाऱ्या पुरुषांना थोडे ओढून गावे लागते. त्यांची कुरकुर चालू आहे.

बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असताना, बसवले गेले. दर १४ एप्रिलला तिथे डीजेच्या भिंतीपुढे आपली पोरे उभी राहतात. डीजेला आमचा विरोध आवाजापुरता नाही. डीजेपुढे माणूस नाचतो, पण त्याच्या तोंडातून शब्द बाहेर पडत नाही. ज्या समाजाचे तोंड शेकडो वर्षे बंद ठेवले गेले, त्याने पैसे मोजून ते पुन्हा बंद करून घ्यावे?

सध्या आम्ही एक वही केली आहे. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचे आणि गाण्याआधी एकच विचारायचे : तुमच्या पार्टीत मागे कोण कोण उभे राहायचे? ज्या आजींनी पट्टी दिली, त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी अकरा नावे मिळाली. त्यातली सात बायकांची आहेत.