एकाच जहाजातील प्रार्थना

वर्गात मी एकदा ‘हिजरत’ या उर्दू शब्दाला मराठी प्रतिशब्द विचारला. मुले म्हणाली, ‘स्थलांतर.’ उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. पोटासाठी गाव सोडतो तेही स्थलांतरच. श्रद्धेसाठी घरदार सोडावे लागते, ती हिजरत. उदाहरण म्हणून मी मुलांना ‘मेफ्लॉवर’ जहाजाची गोष्ट सांगितली.

सतराव्या शतकात इंग्लंडचा राजाच तिथल्या चर्चचा प्रमुख होता. वेगळी प्रार्थनासभा भरवणे गुन्हा ठरे. स्क्रूबी गावातील अशी काही मंडळी आधी हॉलंडला गेली. लायडन शहरात उपासनेची मोकळीक मिळाली, पण कष्ट फार होते आणि मुले आपली भाषा विसरतील ही धास्ती होती. अखेर १६२० साली त्यांच्यातील काहीजण ‘मेफ्लॉवर’वर चढले. जहाजावर १०२ प्रवासी होते. सगळेच धर्मासाठी निघालेले नव्हते. अमेरिकेतील पहिल्याच हिवाळ्यात जवळपास निम्मे दगावले.

पाठ्यपुस्तकी गोष्ट इथे संपते. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचेच.

१६३० मध्ये शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटनांची मोठी वसाहत उभी राहिली. तेही इंग्लंडमधील जाचाला कंटाळून आले होते. मात्र सत्ता हाती येताच त्यांनी वेगळे बोलणाऱ्यांना हाकलायला सुरुवात केली. सरकारने कुणाच्या श्रद्धेत हात घालू नये, असे म्हणणारे धर्मोपदेशक रॉजर विल्यम्स १६३५ मध्ये हद्दपार झाले. मेरी डायर ही क्वेकर पंथाची स्त्री बंदी मोडून परत आली, म्हणून १६६० मध्ये तिला बॉस्टनला फाशी दिली गेली.

विल्यम्स यांनी १६३६ मध्ये नॅरॅगॅन्सेट आदिवासींकडून जमीन मिळवून प्रॉव्हिडन्स वसवले. पुढे एका पत्रात त्यांनी समाजाला जहाजाची उपमा दिली. त्या जहाजात कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू आणि ‘तुर्क’, म्हणजे मुसलमानही होते. कुणालाही जहाजावरच्या सामुदायिक प्रार्थनेची सक्ती नको, आणि कुणाला स्वतःची प्रार्थना करण्यापासून अडवणेही नको, असे त्यांचे म्हणणे होते.

हे वाचताना मी आधी सुखावलो: पावणेचारशे वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती माणसाने आपल्यालाही त्या जहाजात जागा दिली! मग थोडा वरमलो. माझ्याच मोहल्ल्यात कुणी वेगळ्या मसलकाचा निघाला, की त्याच्याशी सलाम-दुआ बंद होते. स्वतःसाठी मोकळीक मागताना मी सावध असतो. दुसऱ्याला देताना तेवढा असतो का?