पूर्वनिर्मित बांधकाम आणि इमारतीचे डिजिटल प्रतिमान

कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे खांब, तुळया व स्लॅब जागेवर आणून जोडण्याच्या पद्धतीत चूक सुधारायला फारसा वाव नसतो. तुळईत पाइपासाठी भोक ठेवायचे राहिले, तर ती नंतर फोडावी लागते; सळई तुटली, तर तुळईची ताकदही घटते. म्हणून मापे, सळया, उचलण्याचे हूक, सांधे आणि नळ-विजेचे मार्ग ओतकामाआधीच एका त्रिमितीय प्रतिमानात जुळवणारी ‘बिम’ पद्धत येथे सर्वाधिक मोलाची ठरते. नागपूर मेट्रोने प्रतिमानाला वेळ व खर्चही जोडणारे पंचमितीय ‘बिम’ वापरले, आणि तिच्या उन्नत मार्गाचे सेगमेंट कास्टिंग यार्डातच ओतले गेले.

ही चैन मोठ्या प्रकल्पांनाच परवडते, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. एकट्या बंगल्यासाठी प्रतिमानाचा खर्च भरून निघणे कठीण. पण शाळाखोल्या, गोदामे, कामगारवसाहती यांत तोच घटक पुनःपुन्हा येतो आणि एकदा केलेले काम प्रत्येक वेळी वापरता येते. कुंडलिकेकाठच्या जालन्याला तर याचा विशेष उपयोग आहे. हे शहर सळयांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे, आणि सळया कापण्या-वाकवण्याची यादी प्रतिमानातून थेट निघते. त्यामुळे तुकडे वाया जाणे कमी होऊ शकते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पडद्यावरचा पाया अचूक असतो, जमिनीवरचा सरकतो. त्यावर उपाय एकच: पाया झाल्यावर तो पुन्हा मोजावा, ती मापे प्रतिमानात भरावीत आणि मगच साचे लावावेत.