अबलखाची कुंडली

घोड्याची कातडी माणसाने जितक्या बारकाईने वाचली, तितकी दुसऱ्या कोणत्याही जनावराची क्वचितच वाचली असेल. मोल्सवर्थसाहेबाचा १८५७ सालचा मराठी कोश सहज चाळून पाहा. कुमाईत, मुष्की, सुरंग, समंद, अबलख अशी घोड्यांच्या रंगांची नावे पानोपानी भेटतील. चारी पाय आणि तोंड पांढरे असले की तो पंचकल्याणी. त्यात छाती, आयाळ आणि शेपूट यांचीही भर पडली की तो अष्टमंगल. माझ्या वर्गातल्या मुलांना आज मोटारसायकलींची जेवढी नावे तोंडपाठ आहेत, तेवढीच घोड्यांच्या रंगांची नावे त्यांच्या खापरपणजोबांना येत असणार. त्यात नवल नाही. ज्याच्या पाठीवर जीव टाकायचा त्याची नीट ओळख ठेवावीच लागते.

पण ही नुसती ओळख नव्हती. ती कुंडली होती. वराहमिहिराने सहाव्या शतकात लिहिलेल्या ‘बृहत्संहिते’त घोड्याच्या लक्षणांचा स्वतंत्र अध्याय आहे, आणि अंगावरचे केस जेथे गोल फिरतात ते भोवरे कोठे शुभ आणि कोठे अशुभ, हे त्यात सांगितले आहे. अश्वविद्येचे शास्त्र नकुलाच्या नावावर चालत आले, तेही याच वाटेने जाते. शास्त्र पोथीत राहिले, पण त्याचा व्यवहार बाजारात अजून जिवंत आहे. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे जाणता गिऱ्हाईक दातांइतक्याच लक्षपूर्वक भोवरे पाहतो. गळ्यावरचा देवमण असला की किंमत चढते; डोळ्याखाली भोवरा असला की तो अश्रू ढाळणारा घोडा, आणि मग चांगले धट्टेकट्टे जनावरही पडत्या भावाने जाते.

वाचकहो, या साऱ्या शकुनांत एक गंमत तुमच्या ध्यानात आली का? भोवरा घोड्याच्या अंगावर, पण भविष्य मात्र धन्याचे! धनी युद्धात जिंकेल, धन्याच्या घरी लक्ष्मी येईल, धन्याची बायको मरेल. त्या खुणेचा खुद्द घोड्याशी काय संबंध, हे विचारावे असे कोणाला वाटले नाही. शिवाय भविष्य सांगणाऱ्यांचे आपसात जमत नाही ते वेगळेच. आपल्याकडे चार पांढऱ्या पायांचा घोडा कल्याण करणारा, तर इंग्लंडातल्या घोडेवाल्यांच्या जुन्या तुकबंदीप्रमाणे तसला घोडा एक दिवससुद्धा पदरी ठेवू नये! घोडा तोच, नर्मदेच्या अलीकडे भाग्यवान आणि थेम्सच्या काठी करंटा.

अंगावरच्या खुणेसाठी माणूस किती दूर जातो हे पाहायचे तर महाभारताच्या उद्योगपर्वातली गालवाची कथा वाचावी. गुरुदक्षिणा काय देऊ, काय देऊ, म्हणून गालवाने विश्वामित्राचा पिच्छा पुरवला. ऋषी चिडले आणि म्हणाले, चंद्रासारखे पांढरे पण एक कान काळा असलेले आठशे घोडे आण. गालव ययातीच्या दारी गेला. ययातीपाशी असले घोडे नव्हते; त्याने आपली मुलगी माधवी देऊन टाकली. मग अयोध्येचा हर्यश्व, काशीचा दिवोदास आणि भोजनगरीचा उशीनर अशा तीन राजांकडे ती एकामागून एक राहिली. प्रत्येकाला तिने एक मुलगा दिला आणि प्रत्येकाकडून दोनशे श्यामकर्ण मिळाले. सहाशेच्या वर असले घोडे पृथ्वीवर उरलेच नव्हते. तेव्हा राहिलेल्या दोनशांच्या बदल्यात विश्वामित्रानेच माधवीला ठेवून घेतले. कथा सांगणारा हे सारे शांतपणे सांगतो. मला मात्र ती वाचताना दर वेळी वाटते, की एका काळ्या कानाची एवढी किंमत त्या मुलीने का मोजावी?

श्यामकर्ण घोडा ही कविकल्पना नव्हे. अमेरिकेच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांवर राहणाऱ्या आदिवासी जमातींतही, सारे अंग पांढरे आणि कान व टाळू तेवढी रंगीत, असा घोडा पवित्र मानत. त्यावर बसणाऱ्याला लढाईत इजा होत नाही, अशी त्यांची श्रद्धा. पुन्हा तेच, रक्षण स्वाराचे!

आता या पांढऱ्या पायांचे आणि काळ्या कानांचे खरे कारण पाहू. घोड्याचे पिलू आईच्या पोटात अगदी लहान असते तेव्हा, पुढे जिथे मज्जारज्जू होतो त्या पाठीच्या रेषेवर, रंग तयार करणाऱ्या पेशींचा उगम होतो. तेथून त्या पसरत पसरत खाली जातात. कालव्याच्या पाण्यासारखाच हा प्रकार. पाट सोडला की वरची शेते आधी भिजतात आणि टोकाच्या शेतकऱ्याच्या वाट्याला कोरडा चर येतो. घोड्याच्या अंगाची टोके म्हणजे चार पाय, कपाळ, नाकाड आणि पोटाची खालची बाजू. पेशी कमी पडल्या किंवा उशिरा निघाल्या की ती टोके रंगावाचून पांढरी राहतात. पंचकल्याणीचे सारे कल्याण एवढेच! पेशी आणखीच कमी पडल्या तर पांढरेपणा वर चढत जातो आणि रंगाची अखेरची ठाणी म्हणून बऱ्याचदा कान आणि टाळू उरतात. गालवाने शोधले ते हेच.

त्याच रेषेवरून आणखीही पेशी निघतात, आणि त्यांतल्या काही आतड्यांच्या मज्जातंतू होतात. अमेरिकेत अबलख घोड्यांचा एक प्रकार आहे. त्याच्या कुशींवर चौकटीत बसवल्यासारखे मोठे पांढरे पट्टे असतात, दिसायला मोठे देखणे. असल्या दोघांचा जोडा लावला तर अधूनमधून एखादे शिंगरू संपूर्ण पांढरे जन्मते. दुधासारखे, निळ्या डोळ्यांचे. ते उभे राहते, आईला लुचते, आणि एक-दोन दिवसांत पोटशुळाने तडफडून मरते. आतड्यांना हालचाल देणारे मज्जातंतूच त्याच्या पोटात पोचलेले नसतात. १९९८ साली या दोषाचे जनुक सापडले. जनुक म्हणजे मुले ज्याला हल्ली ‘जीन’ म्हणतात ते; खोगिराच्या जिनाशी त्याचा संबंध नाही!

पांढऱ्या घोड्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्या खंडेरायाच्या घोड्याबद्दल एक गोष्ट सांगतो. तळी भरताना त्या घोड्याला निळा म्हणतात, आणि तसबिरीत तो पांढराशुभ्र दिसतो. यात विसंगती नाही असे मला वाटते. बहुतेक पांढरे घोडे जन्मतः पांढरे नसतात. ते काळे किंवा तांबूस जन्मतात, तरुणपणी राखी-निळसर होतात, अंगावर चांदण्या पडल्यासारखे ठिपके उमटतात, आणि वय होता होता सारे केस पांढरे होतात. कातडी मात्र काळीच राहते. त्याच घोड्याला तरुणपणी पाहणारा निळा म्हणेल आणि म्हातारपणी पाहणारा पांढरा. २००८ साली शास्त्रज्ञांनी या पांढरे होण्याचे जनुक शोधले. त्याबरोबर येणारे दुखणेही त्यांना ठाऊक होतेच. असले घोडे पंधरा वर्षांवर गेले की सुमारे तीन-चतुर्थांशांच्या अंगावर, विशेषतः शेपटीखाली, काळ्या गाठी येतात. तुळशीचे लग्न झाले की वरातींना सुरुवात होईल. नवरदेवाची पांढरी घोडी दारात आली तर तिच्या मखमली झुलीखाली काय आहे हे तिच्या मोतद्दाराला विचारा. आम्ही कादंबरीकार नायकाला पांढऱ्या घोड्यावर बसवतो आणि मोकळे होतो. गाठी धुणारा तो मोतद्दार आमच्या पानांत येत नाही.

आता अबलखांतला सर्वांत नवलाचा प्रकार. पांढऱ्या अंगावर चित्त्यासारखे काळे ठिपके असलेला घोडा. सभापर्वात अर्जुन उत्तरेच्या दिग्विजयात गंधर्वांच्या देशातून जे घोडे आणतो, त्यांना तित्तिर पक्ष्यासारखे ठिपकेदार म्हटले आहे. पण ठिपकेदार घोड्याचे चित्र याहून फार जुने आहे.

फ्रान्सच्या दक्षिणेस काब्रेरे या खेड्याजवळ पेश-मेर्ल नावाची गुहा आहे. १९२२ साली दोन पोरसवदा मुले एका अरुंद बिळातून सरपटत आत शिरली. पाद्री लेमोझी या गावच्या धर्मगुरूने त्यांना गुहांचा नाद लावला होता. आत एका मोठ्या शिळेवर पाठीला पाठ लावून उभे असलेले दोन घोडे त्यांना दिसले. उजवीकडच्या घोड्याचे डोके खडकाच्या नैसर्गिक आकारातूनच निघालेले, आणि दोघांच्या अंगभर काळे ठिपके. भोवती माणसाच्या हाताचे ठसे. हात खडकावर ठेवून भोवताली रंग उडवलेला. लोर्ब्लांशे नावाच्या फ्रेंच संशोधकाने तसलेच चित्र स्वतः काढून पाहिले. कोळसा तोंडात चावून, थुंकीबरोबर फुंकून! चित्राचे वय सुमारे पंचवीस हजार वर्षे निघाले. तेव्हा माणूस घोड्यावर बसत नव्हता. तो घोडा मारून खात होता.

मग वाद सुरू झाला. ठिपकेदार घोडे त्या काळी होते का? बहुतेक विद्वान म्हणत, नव्हते. हे ठिपके म्हणजे मंत्रतंत्र, स्वप्न, काहीतरी गूढ. त्यांचे म्हणणे वेडेपणाचे नव्हते, कारण काही ठिपके घोड्यांच्या बाह्यरेषेबाहेरही उमटले आहेत. २००९ साली जुन्या हाडांतून काढलेल्या जनुकांनीही त्यांचीच बाजू घेतली. माणसाळण्याआधीचे घोडे तांबूस-तपकिरी किंवा काळे, एवढेच दिसले. पण तेव्हा ठिपक्यांची परीक्षा झालीच नव्हती. ती २०११ साली झाली. सैबेरियापासून स्पेनपर्यंतच्या एकतीस प्राचीन घोड्यांची हाडे तपासली. अठरा तपकिरी, सात काळे, आणि सहा ठिपकेदार! पश्चिम युरोपातल्या हिमयुगीन दहा घोड्यांत तर चार. गुहेतल्या त्या माणसाने स्वप्न पाहिले असेल किंवा नसेल, पण असला घोडा त्याच्या गुहेबाहेर चरत होता हे नक्की.

त्या ठिपक्यांचा अर्थ मात्र गुहेतल्या माणसाला कळला नसावा. ठिपके देणारे जनुक एका पालकाकडून आले तर घोडा ठिपकेदार होतो आणि त्याची दृष्टी शाबूत राहते. दोन्ही पालकांकडून आले तर अंग बहुतेक पांढरे होते, ठिपके अगदी मोजके उरतात, आणि तो घोडा जन्मापासून रातांधळा असतो. दिवसा चांगले दिसते. सूर्य बुडाला की त्याचे जग बुडते. कारण हे जनुक कातडीतल्या रंगपेशीत काम करते तसेच डोळ्याच्या पडद्यातही करते, अंधुक उजेडाची खबर पुढे पोचवण्याचे. लांडग्यांच्या प्रदेशात रातांधळा घोडा किती रात्री जगत असेल? तरी हे जनुक हजारो वर्षे टिकले. प्राचीन हाडांत ते वाढते, दिसेनासे होते आणि पुन्हा वर येते. पुढे माणसाने घोडा पाळला, तेव्हा या टिकण्यात त्याच्या हौसेचाही हात लागला. मोजक्या ठिपक्यांच्या रातांधळ्या घोड्याला तर पैदास करणाऱ्यांकडे विशेष मान, कारण जोडीदार कोणताही असो, त्याच्या प्रत्येक शिंगरात ठिपक्यांचे जनुक उतरणारच. आमच्या शकुनशास्त्रात घोड्याच्या डोळ्याखालच्या भोवऱ्यावर केवढा काथ्याकूट! आणि डोळ्यातल्या अंधाराची खरी खूण मात्र पाठीवर उघडी पडली होती.

या ठिपक्यांची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट अमेरिकेच्या वायव्येकडची आहे. तेथे नेझ पर्स नावाची जमात राहते; ते स्वतःला निमीपू म्हणवतात. १८०६ साली अमेरिकन प्रवासी लुईस याने त्यांचे घोडे पाहून फार तारीफ केली. काहींच्या अंगावर मोठे पांढरे डाग आहेत, हेही त्याने रोजनिशीत नोंदवले. सगळेच घोडे ठिपकेदार नव्हते, पण ही माणसे निवडून पैदास करत, हलके घोडे खच्ची करत. पुढे त्यांच्या जमिनीत सोने सापडले, आणि मग व्हायचे तेच झाले. १८७७ साली सरकारने त्यांना लहानशा राखीव प्रदेशात जाण्याचा हुकूम केला. लढाई पेटली. बायकामुलांसह सुमारे साडेसातशे माणसे, घोड्यांचे कळप हाकत, सैन्य पाठीशी घेऊन जवळजवळ १९०० किलोमीटर गेली. कॅनडाची सरहद्द चाळीस मैलांवर राहिली असताना बर्फात त्यांना गाठले. ५ ऑक्टोबर १८७७ रोजी त्यांचा नायक जोसेफ शरण आला. माणसांना गावी पाठवण्याचे वचन दिले होते. पाठवले दूर दक्षिणेला, जेथे तापाने अनेक मेली. घोडे, हजाराच्या वर, सैन्याने काढून घेतले. काही विकले, काही वाटले, आणि कोणत्याही घोड्यांशी त्यांचा संकर होऊन गेला.

येथे शकुन उलटा झाला. घोड्याच्या ठिपक्यांनी धन्याचे नशीब ठरवले नाही. धन्याच्या नशिबाने घोड्यांचे ठिपके विखुरले. साठ वर्षांनी, १९३७ साली, एका इतिहासकाराने या विसरलेल्या घोड्यांवर लेख लिहिला, आणि १९३८ साली ओरेगॉनमधल्या शेतकऱ्याच्या पुढाकाराने ‘अपॅलूसा’ घोड्यांचा संघ निघाला. पालूस नदीच्या नावावरून हा शब्द बनला. आज त्या जातीचे घोडे जगभर आहेत. १९७५ साली आयडाहो राज्याने त्याला राज्याचा घोडा ठरवले. पण हे सारे झाले ते गोऱ्यांच्या तबेल्यांत. खुद्द नेझ पर्स लोकांनी १९९५ च्या सुमारास लॅपवाई या आपल्या गावी पैदाशीला पुन्हा सुरुवात केली. त्यासाठी अपॅलूसा घोड्यांशी जोडा लावायला त्यांनी तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटातले सडपातळ, लांब पल्ल्याचे अखल-टेके घोडे आणवले. ही नवी जात ठिपक्यांपेक्षा चालीसाठी वाढवायची असे त्यांनी ठरवले, आणि जमातीच्या मुलांना त्या घोड्यांवर बसायला शिकवू लागले.