घाई कोणाच्या खात्यावर?

पुण्याच्या वाहन उद्योगाचा इतिहास लिहिताना मालवाहतुकीच्या वाट्याला एखाद-दुसरे वाक्य येते, आणि तेही बहुधा ठरलेले असते: पूर्वी जो तो पुरवठादार आपापला टेम्पो कारखान्यावर पाठवायचा, मग जपानी पद्धत आली, ‘मिल्क रन’ सुरू झाला, एकच गाडी पाच-सात ठिकाणी थांबून माल गोळा करू लागली आणि गाडी रुळावर आली. आकुर्डी, चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्याकडे नीट पाहिले तर ही कथा अर्धीच खरी ठरते. अनेक थांब्यांची फेरी इथे जपानी शब्दकोश येण्याच्या बऱ्याच आधीपासून होती. बदलत गेला तो थांबण्याचा आणि घाईचा खर्च कोणाच्या वहीत पडायचा याचा करार. हा खर्च जसजसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकला, तसतसा रस्त्यावरचा मार्गही सरकला, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवातीला इथे फेरीची गरजच नव्हती. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्याच दशकात आकुर्डीला बजाज ऑटो व बजाज टेम्पो, पिंपरी-चिंचवडला टेल्को (आजची टाटा मोटर्स) आली. टेल्कोची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी पुणे प्रकल्पात यंत्रे आणि साचे बनवण्याचे विभाग स्वतःच उभारले, कारण हवे तसे काम करून देणारे बाहेर फारसे कोणी नव्हते. जो कारखाना बहुतेक सगळे कुंपणाच्या आतच करतो, त्याला पाच ठिकाणांहून माल गोळा करावा लागत नाही. फेरी जन्माला आली ती लघुउद्योगांसोबत. लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी, अबकारी करातली सवलत, मराठा चेंबरने आणि विशेषतः अ. रा. भट यांनी लघुउद्योगांसाठी लावून धरलेला आग्रह, यांतून भोसरी-चिंचवडच्या गाळ्यांमध्ये एकेक काम करणारी युनिट्स वाढली. एका गिअरचेच उदाहरण घ्या. फोर्जिंग एकीकडे, टर्निंग आणि दाते पाडणे दुसरीकडे, हीट ट्रीटमेंट तिसरीकडे, ग्राइंडिंग पुन्हा कुठे तरी, आणि मग आकुर्डीचे गेट. मालच असा फिरतीवर गेला की गाडीलाही त्याच्यामागे फिरणे भाग होते.

ती गाडीही याच पट्ट्यातली होती, याकडे सहसा लक्ष जात नाही. बजाज टेम्पोची तीनचाकी आणि नंतरची मॅटेडोर आकुर्डीची. 1986 साली आलेली 407 टेल्कोच्या पुणे कारखान्यातली. 2005 सालचा ‘छोटा हत्ती’ही आधी इथेच तयार झाला. गल्लीबोळातल्या गाळ्यापर्यंत जाणारी, थोडका माल घेऊन निघाली तरी भाडे परवडेल अशी गाडी हाताशी असल्यामुळेच काम इतके तुकड्या-तुकड्यांत विभागता आले. टेम्पोच्या हौद्यात डोकावले तर मार्गाचे सगळे नियोजन तिथे मांडलेले दिसते. जो माल शेवटच्या थांब्यावर उतरायचा तो केबिनच्या पाठीला टेकवून आधी भरायचा. जो आधी उतरायचा तो फाळक्यापाशी. प्लेटिंग झालेला पार्ट ओरखडा पडू नये म्हणून क्रेटमध्ये, कच्चे कास्टिंग तळाशी, आणि परतीच्या रिकाम्या क्रेटसाठी कोपरा राखून. वाटेत थांब्यांचा क्रम बदलला की अर्धा माल खाली उतरवून पुन्हा भरावा लागतो. म्हणून चालक आणि गाळ्याचा मालक सकाळी चहा घेताना जो क्रम ठरवत, तो कागदावर नसला तरी नियोजनच होता.

तो क्रम ठरवताना किलोमीटरपेक्षा कागदाचा विचार जास्त व्हायचा. 1986 मध्ये मॉडव्हॅट, म्हणजे कच्च्या मालावर भरलेल्या अबकारी कराची वजावट, आले आणि जॉबवर्कला जाणाऱ्या मालासाठी नियम 57-एफचे चलन सुरू झाले. पुढे अनेक वर्षे हा आकडा भोसरीत लहान पोरालाही पाठ असावा इतका बोलला जाई. माल ठरलेल्या मुदतीत परत आलाच पाहिजे, नाहीतर कराचा प्रश्न. त्यामुळे कोणत्या गाळ्यात आधी जायचे हे तो जवळ आहे की लांब यापेक्षा कोणाची मुदत भरत आली आहे यावर ठरे. दुसरा कागद जकातीचा. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून 1970 मध्ये नगरपालिका झाली, 1982 मध्ये महानगरपालिका. या हद्दीतल्या हद्दीत माल फिरला तर जकात नाही. बाहेरून आत आला की नाक्यावर थांबा. परत बाहेर जाणाऱ्या मालाची जकात मागता येई, पण त्यासाठी पुन्हा कागद, पुन्हा खेटे. भोसरीचा माल आकुर्डीत बिनबोभाट येई आणि अगदी जवळच्या तळवड्याच्या मालाला नाका लागे, तोही 1997 मध्ये तळवडे, चिखली, मोशी ही गावे पालिकेत येईपर्यंतच. रस्ता तोच, अंतर तेच. हद्द सरकली आणि फेरीचा हिशेब बदलला. चाकण मात्र 2015 पर्यंत ग्रामपंचायतच होते. तिथे कारखाने जाण्याची कारणे अनेक आहेत. स्वस्त आणि सलग जमीन हे पहिले. पण जकात नाही हे कारणही त्या यादीत तळाला नव्हते.

यावर कोणी म्हणेल, की हे सगळे अडाणी काळाचे झाले. खरे नियोजन गणिताने होते. पण ते गणितही नवे नाही. जॉर्ज डँटझिग आणि जॉन रॅम्सर यांनी पेट्रोल पंपांना टँकर कसे पाठवावेत हा प्रश्न 1959 सालीच मांडला, म्हणजे आकुर्डीत स्कूटर बनू लागण्याच्याही आधी. 1964 मध्ये क्लार्क आणि राइट यांनी त्यावर सोपी युक्ती दिली: आकुर्डी–भोसरी–आकुर्डी आणि आकुर्डी–मोशी–आकुर्डी अशा दोन वेगळ्या फेऱ्या करण्याऐवजी भोसरीहून परस्पर मोशीला गेलो तर किती अंतर वाचते ते काढा, आणि सर्वांत जास्त बचतीच्या जोड्या आधी जुळवा. दहा थांब्यांचे क्रम 36,28,800 होतात, तेव्हा यंत्राची मदत लागतेच, हे मान्य. पण हे गणित अंतर कमी करते. जिथे बहुतेक थांबे पंचवीस किलोमीटरच्या आत आहेत आणि गेटवर मालाची आवक नोंद (‘इनवर्ड’) होईपर्यंत गाडी रस्त्यापेक्षा जास्त वेळ उभी राहू शकते, तिथे अंतर वाचवून हाती किती लागणार? प्रतीक्षेचे पैसे कोण देतो हे ठरल्याखेरीज त्या गणितात काय भरायचे हेच कळत नाही. पुरवठादाराचा टेम्पो चार तास उभा राहिला तर कंपनीच्या वहीत तो खर्च शून्य असतो. शून्याला कोणीही वाचवत बसत नाही.

‘मिल्क रन’ने नेमकी हीच जागा बदलली. बंगळुरूजवळ बिडदीला टोयोटा किर्लोस्करचा कारखाना सुरू झाला तेव्हा, 1999 च्या सुमारास, ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया आणि जपानच्या मित्सुईने भागीदारीत खास या कामासाठी कंपनी काढली. पद्धत देशभर पसरली तशी चाकणच्या पट्ट्यातही रुजली. पूर्वी पार्टचा भाव ‘पोहोच’ असायचा, भाडे त्यातच. आता भाव पुरवठादाराच्या दारातला आणि गाडी कंपनीने नेमलेली. भाडे किमतीतून बाहेर काढताच ते दिसू लागले, आणि दिसू लागताच कमी करावेसे वाटू लागले. जुनी फेरी आणि ही फेरी एकच, असे मी म्हणत नाही. ठरलेल्या मिनिटाला गाडी दारात लागणे, मोजके आणि परत येणारे बिन, दिवसातून अनेकदा थोडा थोडा माल, ही शिस्त टेम्पोवाल्याच्या फेरीत नव्हती आणि तिचे श्रेय टोयोटाला द्यायलाच हवे. स्कूटरसाठी गिऱ्हाईक वर्षानुवर्षे रांगेत उभे असताना ती आली असती तर टिकली नसती, हेही तितकेच खरे. परवान्याच्या काळात दोन दिवसांचा साठा पडून राहिला म्हणून कोणाचे काही अडत नव्हते. 2001 मध्ये चाकणहून बजाजची पल्सर मोटारसायकल निघाली, मॉडेल आणि रंग वाढले, 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज तिथे आल्या. साठा करून ठेवायला जागाही महाग आणि चुकीचा पार्ट साठवला तर तो भंगारात.

साठा घटला तशी ‘अर्जंट’ची संख्या वाढली. इथे हिशेब सर्वांत उघडा पडतो. लाइन थांबायच्या बेतात आहे, दोन क्रेट माल हवा आहे. स्टँडवरची 407 दोन्ही बाजूंचे भाडे घेऊन त्या दोन क्रेटसाठी धावते. कधी पार्ट एवढा लहान असतो, की माणूस मोटारसायकलवर डिकीत घालून नेतो. हे पैसे कोणाचे? पुरवठादाराने उशीर केला असेल तर त्याचे, याबद्दल वाद नाही. पण महिन्याच्या शेड्यूलमध्ये कंपनीने ऐन वेळी बदल केला, म्हणून घाई झाली असेल तर? ताकद सारखी नसली की डेबिट नोट बहुधा उताराच्या दिशेनेच येते. एक आक्षेप इथे रास्त आहे: ‘मिल्क रन’मध्ये गाडी कंपनीची, तेव्हा उशिराचा दोषही तिच्याकडेच जायला हवा. रोजच्या फेरीपुरते तसे होतेही. पण गाडी दारात आली आणि माल तयार नसला की ती पुढच्या थांब्याला निघून जाते. मागे राहिलेला माल पुरवठादाराने स्वतःच्या खर्चाने पोहोचवायचा. नियमित प्रवास कंपनीच्या खात्यावर गेला आणि घाई गाळ्याच्या खात्यावर राहिली. म्हणून चाकणच्या फेऱ्या इतक्या आखीव असूनही रस्त्यावर अर्धे रिकामे टेम्पो पळताना दिसतात. त्यात विसंगती नाही, ती त्याच कराराची दुसरी बाजू आहे.

करांचे अडथळे पुढे हटले. 1 एप्रिल 2013 रोजी पिंपरी-चिंचवडमध्ये जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला, 2017 मध्ये जीएसटी, 2018 मध्ये ई-वे बिल. एका गाडीत अनेकांचा माल असेल तर एकत्रित ई-वे बिलाचीही सोय झाली. नाका गेला तेव्हा आता मार्ग केवळ नकाशावर ठरेल, असे वाटणे स्वाभाविक होते. पण नाक्याची जागा चाकणच्या तळेगाव चौकाने घेतली. पुणे–नाशिक रस्ता आणि तळेगाव–शिक्रापूर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथे गर्दीच्या वेळी ठरलेल्या मिनिटांचे वेळापत्रक कोलमडते, आणि कोंडीची डेबिट नोट कोणाच्याही नावाने फाडता येत नाही. तो खर्च पुन्हा साठ्याच्या रूपाने परत येतो: वेळेची खात्री नसलेला पुरवठादार कंपनीच्या कुंपणाजवळ भाड्याचे गोदाम घेतो आणि तिथे आपल्या पैशाने माल भरून ठेवतो. कंपनीच्या ताळेबंदात साठा नाही, पट्ट्यात आहे.

बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातले वाहन उत्पादन 2007 मध्ये थांबले तेव्हा फेऱ्यांची दिशा चाकणकडे वळलेलीच होती. 2022 पासून त्याच आवारात विजेवरची चेतक स्कूटर बनते. माल पुन्हा आकुर्डीच्या दिशेने येऊ लागला आहे, पण मधल्या काळात जुन्या मुंबई–पुणे रस्त्याभोवती शहर दाटले आहे आणि गर्दीच्या तासांत अवजड गाड्यांवर बंधने आहेत. त्यामुळे मोठ्या गाडीची एक फेरी की लहान गाड्यांच्या तीन, हा प्रश्न पुन्हा उघडा झाला आहे. आणि भाव ठरवायला बसलेल्या खरेदी विभागासमोर पुरवठादार आता पार्टच्या किमतीइतकाच ‘हॉल्टिंग कोण देणार’ या ओळीवर अडून बसतो.