औषध दुकान : सुरक्षा व गुणवत्ता (लालबाग, इंदूर)

औषध दुकान म्हणजे रुग्णालयाशी न जोडलेले, वस्तीतल्या लोकांना किरकोळीने औषधे विकणारे परवानाधारक दुकान; बोलीत ‘मेडिकल’. होळकरांच्या राजवाड्यावरून ओळखल्या जाणाऱ्या लालबाग भागातल्या दुकानांना देशभर लागू असलेलाच कायदा लागू आहे : १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, त्याखालील १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा. किरकोळ विक्रीसाठी किमान १० चौरस मीटर जागा, थंड औषधांसाठी फ्रीज आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट या परवान्याच्या मुख्य अटी. जागा आणि फ्रीज निरीक्षकाला एका भेटीत दिसतात, म्हणून तपासणीचा भर त्यांच्यावर पडणे स्वाभाविक आहे. रुग्णाचे रक्षण मात्र मुख्यतः दोन गोष्टींनी होते : काउंटरवर प्रत्यक्ष उभा असलेला फार्मासिस्ट, आणि कोणत्या बॅचचे औषध कोणाला दिले याची नोंद.

याचा सर्वांत दुःखद पुरावा मध्य प्रदेशातच, महाराष्ट्राला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात सापडतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परासिया भागात ‘कोल्ड्रिफ’ नावाचे खोकल्याचे सिरप घेतलेल्या मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. वीसहून अधिक मुले दगावली. अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. तमिळनाडूत तयार झालेल्या या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्का आहे. ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेश सरकारने या सिरपवर बंदी घातली. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून रुग्णांच्या पोटात जाऊन १४ जण दगावले होते आणि त्याची चौकशी लेंटिन आयोगाने केली होती. चाळीस वर्षांच्या अंतराने तेच विष पुन्हा रुग्णापर्यंत पोहोचावे, ही आपल्या औषधव्यवस्थेला लाज आणणारी गोष्ट आहे.

यावर दुकानदारांचा आक्षेप ठरलेला आणि अर्धा बरोबर आहे : विष कारखान्यात मिसळले, सीलबंद बाटलीत काय आहे हे आम्ही कसे ओळखणार? ओळखता येत नाही, हे मान्य. पण बंदीचा आदेश निघाल्यावर फडताळातल्या बाटल्या बाजूला काढणे सोपे असते. घरोघरी गेलेल्या, अर्ध्या वापरलेल्या बाटल्या शोधणे कठीण. तिथे विक्रीची नोंदच कामाला येते. चिठ्ठीवरच्या औषधाच्या नोंदीत उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असावी, असे १९४५ च्या नियमांतला नियम ६५ सांगतो. बिल न देता विकलेली बाटली परत मागवायची तर ती कोणाच्या घरी आहे हे दुकानदारालाही सांगता येत नाही. पट्टी कापून दोन-चार गोळ्या देताना मुदतीची तारीख आणि बॅच असलेला तुकडा दुकानातच राहतो, तेव्हाही तेच घडते. गरीब माणसाला पूर्ण पट्टी परवडत नाही हे खरे. म्हणून सुट्या गोळ्या बंद करा असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाकिटावर नाव, बॅच आणि मुदत लिहून देण्याला मात्र फारसा खर्च येत नाही.

दुसरा धागा फार्मासिस्टचा. कोल्ड्रिफमध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र होते, आणि हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला होता. म्हणजे विषाचा पत्ता नसतानाही, ‘मूल किती वर्षांचे?’ एवढे विचारून लहानग्यांसाठीची विक्री थांबवण्याचे कारण काउंटरवर हजर होते. चिठ्ठी डॉक्टरांची आहे, ती आम्ही कशी बदलणार, असे यावर म्हटले जाते. बदलायची नाहीच; डॉक्टरांना फोन करायचा. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी चिठ्ठी तपासणे आणि रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचेच काम ठरवले आहे. ते करायला माणूस जागेवर हवा, भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र पुरत नाही. महाराष्ट्रात २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्टच्या हजेरीचा आग्रह धरला, तेव्हा केमिस्ट संघटनांनी दुकाने बंद ठेवून विरोध केला. लहान दुकानाला पगाराचा भार जड जातो हे नाकारता येत नाही. तरीही परवाना मिळतो तो याच अटीवर. ती गाळली तर औषध दुकान आणि किराणा दुकान यांत फरक उरत नाही.

१ मार्च २०१४ पासून लागू असलेली त्याच नियमांतली अनुसूची एच-१ नोंदीच्याच विचाराची आहे : ठरावीक प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे, ट्रॅमाडॉलसारखी सवय लावणारी औषधे यांची स्वतंत्र वहीत नोंद आणि ती तीन वर्षे जपणे. साठवणीबद्दल एवढेच : इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअस लागते आणि इंदूरचा मे महिना चाळिशी ओलांडतो, तेव्हा फ्रीज असणे पुरेसे नाही, त्यातले तापमान रोज पाहून लिहिले पाहिजे.

ग्राहकाने बिल मागावे आणि त्यावरचा बॅच क्रमांक बाटलीशी ताडून पाहावा. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडांच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो मोबाइलवर उघडला की उत्पादक, बॅच आणि मुदत दिसते. औषधाने अपाय झाल्याची शंका आल्यास भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कोणालाही कळवता येते.