घरगुती चित्रमुद्रण आणि ग्राहकांचे हक्क

दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित होणारा कार्यक्रम घरच्या घरी मुद्रित करून तो पुढे आपल्या सवडीने पाहणे, ह्यास घरगुती चित्रमुद्रण असे म्हणतात. प्रारंभी हे मुद्रण चुंबकीय फितीवर होत असे; १९९९ पासून ते संगणकात असते तशा चुंबकीय चकतीवर, अंकीय स्वरूपात होऊ लागले. यंत्र ग्राहकाने पैसे मोजून घेतलेले असते, त्यात साठविलेला कार्यक्रम मात्र दुसऱ्याच्या प्रताधिकाराखाली असतो. ह्या विषम नात्यातून, विकत घेतलेल्या वस्तूवर ग्राहकाची सत्ता कोठपर्यंत चालते, असा प्रश्न निर्माण झाला. त्याचा निकाल प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यायालयांत लागत गेला, म्हणून ह्या विषयाचा इतिहास पुष्कळसा त्या देशाचा इतिहास आहे.

चित्रफितीचे पहिले व्यवहार्य यंत्र अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये शिकागो येथे प्रदर्शित केले. त्याची किंमत सु. ५०,००० डॉलर होती आणि ते केवळ प्रक्षेपण केंद्रांसाठी होते. सामान्य घरात ते पोहोचण्यास आणखी दोन दशके लागली. सोनी ह्या जपानी कंपनीचे बेटामॅक्स यंत्र १९७५ मध्ये व जेव्हीसीचे व्हीएचएस यंत्र १९७६ मध्ये बाजारात आले. ह्या दोन पद्धतींच्या स्पर्धेत व्हीएचएसची सरशी झाली, ह्याचे एक कारण अगदी साधे होते. आरंभीच्या बेटामॅक्स फितीवर एकच तास मुद्रण होई, तर व्हीएचएसवर दोन तास, म्हणजे सर्वसाधारण चित्रपट मावेल इतके. चित्राचा दर्जा बेटामॅक्सचा चांगला, असे जाणकार सांगत राहिले. पण ग्राहकाने मोल केले ते तासांचे.

नोव्हेंबर १९७६ मध्ये युनिव्हर्सल सिटी स्टुडिओज व वॉल्ट डिझ्नी प्रॉडक्शन्स ह्या चित्रपटसंस्थांनी कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात सोनीविरुद्ध दावा लावला. लोक घरी कार्यक्रम मुद्रित करतात तो प्रताधिकाराचा भंग होय आणि त्यास साधन पुरविणारी कंपनी त्यास जबाबदार आहे, असे वादींचे म्हणणे होते. वस्तुतः प्रश्न नुसत्या नुकसानभरपाईचा नव्हता. वादींची मागणी मान्य झाली असती, तर यंत्राच्या विक्रीवरच बंदी आली असती. १९७९ मध्ये न्यायाधीश वॉरन फर्ग्युसन ह्यांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. १९८१ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरविला. पुढील वर्षी चित्रपटनिर्मात्यांच्या संघटनेचे अध्यक्ष जॅक व्हॅलेंटी ह्यांनी संसदीय समितीपुढे साक्ष देताना, ह्या यंत्राची तुलना एकट्या स्त्रीला गाठणाऱ्या खुन्याशी केली. साक्षीतील आवेश पुढे उपहासाचा विषय झाला, परंतु त्या वेळी तो गंभीरपणेच मांडलेला होता.

सर्वोच्च न्यायालयात ह्या प्रकरणाची दोनदा सुनावणी झाली. न्यायमूर्तींची कागदपत्रे पुढे खुली झाली, त्यांवरून पहिल्या सुनावणीनंतर बहुमत सोनीच्या विरुद्ध झुकले होते, असे दिसते. १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल सोनीच्या बाजूने लागला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स ह्यांनी, तर भिन्नमतपत्र न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन ह्यांनी लिहिले. निकालपत्रातील दोन मुद्दे पुढील सर्व वादांना आधारभूत ठरले. पहिला असा, की मोफत प्रक्षेपित होणारा कार्यक्रम दुसऱ्या वेळी पाहता यावा एवढ्यासाठी घरी मुद्रित करणे, म्हणजे कालांतराने पाहणे, हा न्याय्य उपयोग होय. कारण त्यामुळे निर्मात्यांची हानी झाल्याचे सिद्ध झालेले नाही. बालकांच्या कार्यक्रमांचे प्रसिद्ध निर्माते फ्रेड रॉजर्स ह्यांनी, आपला कार्यक्रम कुटुंबांनी मुद्रित करून सोयीने पाहण्यास आपली हरकत नाही, अशी साक्ष दिली होती. तिचा उल्लेख निकालपत्रात आहे. दुसरा मुद्दा पेटंटच्या कायद्यातून घेतलेला होता : ज्या वस्तूचा लक्षणीय असा निर्दोष उपयोग होऊ शकतो, तिच्या विक्रीबद्दल केवळ काही ग्राहक तिचा गैरवापर करतील म्हणून उत्पादकास दोषी धरता येत नाही.

ह्या निकालाच्या मर्यादा मात्र लोकांनी सहसा लक्षात घेतल्या नाहीत. फिती साठवून घरात कायमचा संग्रह करणे, किंवा शुल्क घेणाऱ्या वाहिन्यांवरील कार्यक्रम मुद्रित करणे, ह्यांविषयी न्यायालयाने काहीही ठरविले नव्हते. ‘घरी मुद्रण करणे हा माझा हक्क आहे’ अशी जी समजूत रूढ झाली, ती निकालपत्रापेक्षा बरीच विस्तृत होती. तिकडे चित्रपटसंस्थांचे भाकीतही खोटे ठरले. फितींची विक्री व भाडे ह्यांपासून त्यांना मिळणारे उत्पन्न वाढत जाऊन काही वर्षांतच चित्रपटगृहांच्या उत्पन्नाहून अधिक झाले. जे यंत्र आपला धंदा बुडवील म्हणून त्यांनी सात वर्षे दावा चालविला, त्यानेच त्यांना नवी बाजारपेठ मिळवून दिली.

अंकीय यंत्रे १९९९ मध्ये आली. कॅलिफोर्नियातील टिव्हो व रिप्लेटीव्ही ह्या दोन कंपन्यांनी त्यांची सुरुवात केली. त्यांच्या यंत्रात येणारे चित्र संपीडित होऊन सतत चकतीवर उतरत असते; त्यामुळे चालू प्रक्षेपण थांबविता येते, मागे नेता येते व एक कार्यक्रम मुद्रित होत असता दुसरा पाहता येतो. कार्यक्रम-सूची दूरध्वनीच्या तारेवरून यंत्रात येई आणि मालिकेचे नाव एकदा सांगितले, की तिचे सर्व भाग आपोआप मुद्रित होत. फितीच्या यंत्राचे घड्याळ लावणे हेही ज्यांना जमत नसे, अशा घरांत ह्या सोयीचे महत्त्व किती असेल, हे सहज कळण्यासारखे आहे.

किंमतीचा विचार मात्र येथून गुंतागुंतीचा झाला. टिव्होचे १४ तासांचे आरंभीचे यंत्र ४९९ डॉलरना मिळे. त्याशिवाय सूचीसाठी महिना ९.९५ डॉलर वर्गणी द्यावी लागे, किंवा एकदाच १९९ डॉलर भरून ‘आजीवन’ वर्गणी घेता येई. ही आजीवन रक्कम बरोबर वीस महिन्यांच्या वर्गणीइतकी होती, म्हणून अनेकांना ती फायद्याची वाटली. तथापि ‘आजीवन’ म्हणजे ग्राहकाचे नव्हे, तर यंत्राचे आयुष्य असा त्याचा अर्थ करारात होता. यंत्र बिघडले, की वर्गणीही संपे. जाहिरातीतील १४ तास हे सर्वांत हलक्या दर्जाच्या मुद्रणाचे होते. उत्तम दर्जा निवडल्यास ते सु. एक-तृतीयांशावर येत. रिप्लेटीव्हीने प्रथम मासिक वर्गणी घेतली नाही, पण यंत्राची किंमत त्या मानाने अधिक ठेवली. फितीचे यंत्र एकदा घेतले, की उत्पादकाशी ग्राहकाचा संबंध संपत असे. नव्या यंत्रात तो संबंध कायमचा राहिला आणि यंत्राचे निम्मे मोल दूरवर असलेल्या एका संगणकाच्या हाती गेले.

ह्याचा प्रत्यय लवकरच आला. १ फेब्रुवारी २००४ रोजी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात गायिका जॅनेट जॅक्सन हिच्या बाबतीत घडलेला प्रसंग आपल्या ग्राहकांनी सर्वांत जास्त वेळा मागे नेऊन पाहिला, असे टिव्होने जाहीर केले. माहिती व्यक्तिगत नावांशी जोडलेली नव्हती, असा खुलासा कंपनीने केला. पण आपल्या बैठकीच्या खोलीतील प्रत्येक कळ कोठेतरी नोंदली जाते, हे अनेकांना तेव्हाच कळले. यंत्रातील प्रणाली लिनक्स ह्या मुक्त प्रणालीवर आधारलेली होती, तरी ग्राहकाने तीत बदल केल्यास यंत्र ती चालवीत नसे. ह्या प्रथेला टिव्होच्याच नावावरून एक शब्द पडला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुक्त प्रणालींच्या सुधारित परवान्यात तिला आळा घालणारी कलमे घालण्यात आली.

जाहिराती टाळण्याचा प्रश्न सर्वांत अधिक चिघळला. २००१ च्या अखेरीस आलेल्या रिप्लेटीव्हीच्या नव्या यंत्रात जाहिराती आपोआप वगळण्याची व मुद्रित कार्यक्रम दुसऱ्या यंत्रमालकास पाठविण्याची सोय होती. दूरचित्रवाणी जाळी व चित्रपटसंस्था ह्यांनी सोनिकब्ल्यू ह्या उत्पादक कंपनीवर ताबडतोब दावा केला. एका वाहिनीसमूहाच्या प्रमुखाने तर जाहिराती न पाहणे ही चोरी होय, असे विधान केले; प्रसाधनगृहात जाण्यापुरती सवलत द्यायला मात्र त्याची तयारी होती. २००२ मध्ये, ग्राहक काय पाहतात व काय वगळतात ह्याची माहिती कंपनीने गोळा करून वादींना द्यावी, असा हुकूम कनिष्ठ न्यायाधिकाऱ्याने दिला. तो थोड्याच दिवसांत वरच्या न्यायाधीशाने रद्द केला. त्याच वर्षी ह्या यंत्राच्या पाच मालकांनी, आपला वापर कायदेशीर असल्याचे न्यायालयाने घोषित करावे, म्हणून स्वतंत्र दावा दाखल केला. ग्राहक स्वतः वादी होऊन उभे राहिल्याचे हे विरळ उदाहरण होय. निकाल मात्र कोणत्याच दाव्यात लागला नाही. दाव्याच्या खर्चाने खचलेल्या सोनिकब्ल्यूचे मार्च २००३ मध्ये दिवाळे निघाले. नव्या मालकाने त्या दोन्ही सोयी पुढील यंत्रांतून काढून टाकल्या आणि त्या पाच मालकांविरुद्ध दावा करणार नाही, असे चित्रपटसंस्थांनी लिहून दिल्यावर त्यांचा दावा जानेवारी २००४ मध्ये निकालात काढण्यात आला. कायद्याचा प्रश्न अनिर्णित ठेवूनही बाजारातून वस्तू नाहीशी करता येते, हे ह्या प्रकरणाने दाखविले. पुढे डिश नेटवर्क ह्या उपग्रह-सेवेने २०१२ मध्ये तशीच सोय दिली तेव्हा तिच्यावरही दावे झाले. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तिला मनाई करण्यास नकार दिला, परंतु नंतरच्या तडजोडींत जाहिराती वगळण्याची सोय प्रक्षेपणानंतर काही दिवसांनीच लागू करण्याचे ठरले.

कायद्याऐवजी यंत्राच्या रचनेतूनच ग्राहकास अडविण्याचे प्रयत्नही झाले. १९९८ च्या अंकीय प्रताधिकार अधिनियमाने प्रतिबंधक कुलूप तोडणे हाच गुन्हा ठरविला. त्यामुळे मुद्रण न्याय्य असले, तरी त्यासाठी कुलूप उघडणे बेकायदा, अशी चमत्कारिक स्थिती उद्‌भवली. नोव्हेंबर २००३ मध्ये संघीय दळणवळण आयोगाने असा नियम केला, की प्रक्षेपणात एक संकेतखूण घालता येईल व जुलै २००५ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक अंकीय ग्राहकयंत्राने ती खूण मानून प्रतींवर निर्बंध घातले पाहिजेत. ग्रंथालय संघटना व ग्राहकसंस्था ह्यांनी त्यास आव्हान दिले. प्रक्षेपण पूर्ण झाल्यावर घरातील यंत्राने काय करावे, हे सांगण्याचा अधिकार आयोगास नाही, असा निर्णय ६ मे २००५ रोजी अपील न्यायालयाने दिला व तो नियम रद्द झाला.

दोन उत्पादकांच्या भांडणातही ग्राहक भरडला जाऊ शकतो. टिव्होने पेटंटभंगाबद्दल एकोस्टार कंपनीविरुद्ध मिळविलेल्या निकालात, टेक्सासमधील न्यायालयाने ऑगस्ट २००६ मध्ये, लोकांच्या घरांत बसविलेल्या बहुसंख्य यंत्रांतील मुद्रणाची सोय बंद करण्याचा हुकूम दिला होता. तो स्थगित झाला व २०११ मध्ये ५० कोटी डॉलरची तडजोड होऊन प्रकरण मिटले; अन्यथा ज्यांचा काहीही दोष नव्हता, अशा असंख्य कुटुंबांची यंत्रे एका रात्रीत निकामी झाली असती.

केबलव्हिजन कंपनीने २००६ मध्ये ग्राहकाचे मुद्रण आपल्याच केंद्रात साठविण्याची योजना जाहीर केली. ऑगस्ट २००८ मध्ये अपील न्यायालयाने ती वैध ठरविली; कारण प्रत करण्याची कळ ग्राहक दाबतो व प्रत्येकाची प्रत वेगळी असते. निकालाने ग्राहकाचा हक्क रुंदावला, हे खरे. पण मुद्रणाचे साधन त्याच्या घरातून बाहेर पडण्याचा मार्गही त्यानेच मोकळा केला. स्वतःचे यंत्र केबलला जोडण्यासाठी लागणारे कार्ड पुरविण्याचे बंधन केबल कंपन्यांवर होते. ते नियम २०२० मध्ये काढून घेण्यात आले. ब्रिटनमधील टिव्होच्या पहिल्या पिढीच्या यंत्रांची सूचीसेवा १ जून २०११ रोजी, तर अमेरिकेतील त्याच पिढीची सेवा २०१६ मध्ये बंद करण्यात आली. आजीवन वर्गणी भरलेल्यांची यंत्रे धडधाकट असूनही उपयोगातून गेली. २०२५ मध्ये टिव्होने आपली मुद्रणयंत्रे विकणेच थांबविले.

अन्य देशांनी हा प्रश्न न्यायालयापेक्षा कायद्याने सोडविणे पसंत केले. पश्चिम जर्मनीने १९६५ च्या कायद्यात खाजगी प्रतीस परवानगी दिली व तिच्या मोबदल्यात मुद्रणयंत्रांवर आकार बसविला. १९८५ मध्ये तो कोऱ्या फितींवरही लागू झाला. ब्रिटनच्या १९८८ च्या अधिनियमात, सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण निर्दोष मानले आहे.

भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली व तिच्यापाठोपाठ चित्रफितीच्या यंत्रांचा प्रसार झाला. परंतु येथे यंत्राचा मुख्य उपयोग मुद्रणासाठी नव्हे, तर भाड्याने आणलेले चित्रपट पाहण्यासाठी झाला. महाराष्ट्रातील शहरांत व तालुक्यांच्या गावी यंत्रच एका रात्रीपुरते भाड्याने आणून शेजाऱ्यांसह लागोपाठ दोन-तीन चित्रपट पाहण्याची पद्धत होती. त्यामुळे १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात १९८४ मध्ये झालेल्या दुरुस्तीचा रोख चोरट्या फितींवर होता. प्रक्षेपणाचे खाजगी उपयोगासाठी केलेले मुद्रण भंग ठरत नाही, अशी तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने ३९ व्या कलमात आली. मात्र त्याच प्रक्षेपणातील चित्रपटाच्या प्रताधिकारास खाजगी उपयोगाचा अपवाद २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत लागू नव्हता. दरम्यान २००८ मध्ये टाटा स्कायने चकतीवर मुद्रण करणारे यंत्र बाजारात आणले होते. असे यंत्र एकाच सेवेशी जखडलेले असते. सेवा बदलली, तर ग्राहकाचे जुने मुद्रण नव्या यंत्रात नेता येत नाही आणि ह्या बाबतीत प्रताधिकार अधिनियमातील खाजगी उपयोगाच्या अपवादाचा त्यास काही उपयोग होत नाही. कारण तो अपवाद प्रत करू देतो, ती प्रत हाती देण्याचे बंधन मात्र कोणावर घालीत नाही.